सरडा स्वस्त, ऊन महाग

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या पेट शॉपमध्ये बिअर्डेड ड्रॅगनचं वीतभर पिल्लू साधारण 60 ते 100 डॉलरला मिळतं. वाळूच्या रंगाचं, गळ्याशी काट्यांची झालर असलेलं, काचेपलीकडून मान तिरकी करून आपल्याकडे बघणारं. शाळकरी पोरांचा जीव जडायला एवढं पुरतं, आणि ‘एका व्हिडिओ गेमच्या किमतीत येतंय की’ म्हणून आईबापही मान डोलावतात. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही आता हा सरडा दिसायला लागलाय. कुत्र्याला रोज फिरवायला वेळ नसतो, मांजराच्या केसांची कुणाला अॅलर्जी असते, मग सरड्यावर तडजोड होते. पण दुकानातल्या पाटीवरची ती किंमत सगळ्या हिशोबातला अगदी छोटा आकडा आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, त्यातली ही कोंबडी.

आधी हा प्राणी कुठला ते पाहू, कारण पुढचा सगळा खर्च त्यातूनच निघतो. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या आतला कोरडा भाग, जिथे झाडं विरळ आणि ऊन रणरणतं. पूर्ण वाढलेला सरडा शेपटीसकट दीड ते दोन फूट भरतो, नीट सांभाळला तर दहा ते पंधरा वर्षं जगतो. ऑस्ट्रेलिया आपले वन्य प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, ही बंदी कित्येक दशकांची आहे. म्हणजे अमेरिकेत, युरोपात दिसणारे सगळे बिअर्डेड ड्रॅगन पूर्वी कधीतरी बाहेर गेलेल्या, बहुतेक चोरून नेलेल्या, मूठभर जनावरांचा वंश. ते पिंजऱ्यात इतके सहज वाढले की आज ही जात जगातल्या सर्वांत जास्त पाळल्या जाणाऱ्या सरड्यांत मोडते. आणि गंमत म्हणजे सिडनी किंवा मेलबर्नमधल्या आपल्या मंडळींना हाच सरडा घरात ठेवायचा तर सरकारी परवाना काढावा लागतो. रानातला उचलून आणायचा नाहीच.

सरडा आपल्या शरीराची उष्णता आतून तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. पचनसुद्धा उष्णतेवर चालतं. म्हणून चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटीच्या एका टोकाला 38 ते 42 अंश सेल्सिअसची ऊन खायची जागा हवी आणि दुसऱ्या टोकाला पंचविशीची सावली. तापलं की तो तिथे जाऊन बसतो, थंडावलं की परत येतो. जबडा उघडा टाकून दगडावर बसलेला दिसला तर घाबरू नका. तो चिडलेला नसतो, जादा उष्णता तोंडावाटे सोडत असतो.

उष्णता स्वस्तात होते, साध्या हॅलोजन दिव्यानेही भागतं. महाग पडतं ते उन्हातलं न दिसणारं अंग, म्हणजे अतिनील-बी किरण. हे किरण कातडीवर पडले की शरीरात ड-3 जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जातं. किरण नसतील तर खाद्यावर कॅल्शियमची पावडर कितीही भुरभुरा, ती विष्ठेतून बाहेर पडणार. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून उसनं घेतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. पाळीव सरड्यांमध्ये हा आजार सर्रास दिसतो, आणि तो शंभर टक्के टाळता येण्यासारखा आहे.

‘पेटी खिडकीशी ठेवली की झालं’ असं बरेचजण म्हणतात. होत नाही. खिडकीची काच उजेड आत येऊ देते, पण हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणून हे किरण देणारी चांगल्या प्रतीची टी-5 ट्यूब (बारीक फ्लुरोसंट नळी) लागते, तीही पेटीच्या निम्म्या लांबीची. पेट शॉपमधल्या ‘स्टार्टर किट’मध्ये येणारा पिळदार छोटा बल्ब दाखवण्यापुरता असतो. वर मेख अशी, की ट्यूब जुनी झाली की तिचे अतिनील किरण संपत जातात, पण दिसणारा उजेड तसाच राहतो. आपल्याला वाटतं दिवा छान चाललाय. म्हणून ट्यूब बसवली त्या दिवसाची तारीख तिच्या टोकाला मार्करने लिहून ठेवायची आणि कंपनी सांगेल त्याप्रमाणे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ती बदलायचीच.

आता आकडे. हे अमेरिकेतले ढोबळ भाव आहेत, शहरागणिक थोडं इकडेतिकडे होणार. पेटी 250 ते 400 डॉलर. ट्यूब आणि तिचं फिटिंग 60 ते 90. उष्णतेचा दिवा आणि तो ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट 50 ते 80. तापमान मोजायची साधनं तिसेक डॉलर. पेटीच्या भिंतीला चिकटवायचा गोल घड्याळी थर्मामीटर घेऊ नका, तो हवेचा अंदाज सांगतो, दगडाचं तापमान नाही. दगड, फांद्या, लपायची जागा, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पावडर मिळून साठ ते ऐंशी. म्हणजे 80 डॉलरच्या पिल्लाच्या मागे साडेचारशे ते सातशे डॉलर पहिल्याच दिवशी जातात. ज्या ‘40 गॅलन’च्या टाकीत दुकानदार ते पिल्लू विकतो, ती वर्षाच्या आत अपुरी पडते. ती घेणं म्हणजे पेटी दोनदा विकत घेणं.

विजेची धास्ती मात्र उगाच घेतली जाते. शंभर वॉटचा दिवा आणि पन्नासची ट्यूब रोज बारा तास चालली तर महिन्याला 54 युनिट होतात. अमेरिकेतला घरगुती दर सतरा सेंटच्या आसपास धरला तर नऊ डॉलर. खाण्याचं बिल त्याच्या कितीतरी पट. पिल्लू दिवसाला तीस ते पन्नास छोटे रातकिडे सहज फस्त करतं. मोठा झाला की उलटं होतं, बहुतेक पोट पालेभाजीवर भरतं आणि किडे आठवड्यातून दोनतीनदा. तेव्हा महिन्याचा खर्च तीसचाळीस डॉलरवर येतो. भाजी आपल्या फ्रीजमधलीच चालते, पण निवडून: मोहरीची पानं, कोलार्ड, डँडेलियन, किसलेला लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. अॅव्होकाडो कधीच नको. आणि उन्हाळ्यात अंगणात सोडणाऱ्यांसाठी एक: अमेरिकेतल्या काजव्यांमध्ये असं विष असतं की एक काजवा खाल्ल्यानेही हा सरडा मरू शकतो.

सरपटणाऱ्यांचा डॉक्टर वेगळा शोधावा लागतो, कुत्र्यामांजराचा दवाखाना बहुधा हात वर करतो. नुसत्या तपासणीचे 80 ते 150 डॉलर, विष्ठेच्या चाचणीचे वेगळे तीसचाळीस. सगळं धरून वर्षाला सातआठशे डॉलर. दहा वर्षं जगला तर तेवढे हजार. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर आणखी एक गोष्ट तोलायला हवी. धडधाकट दिसणाऱ्या सरड्याच्या पोटातही साल्मोनेला असतो. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने, सीडीसीने, 2014 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये थेट पाळीव बिअर्डेड ड्रॅगनशी जोडलेल्या साथी नोंदवल्या, आणि इतक्या लहान मुलांच्या घरात सरपटणारे प्राणी नकोतच असा तिचा सल्ला आहे. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये सरड्याची भांडी धुणाऱ्यांना मी तरी हात जोडतो.

एवढा खर्च कळला की पुढचा विचार ठरलेला. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला होता. “मामा, मादी तर आहेच माझ्याकडे. एक नर आणला की वीस-वीस अंडी देते म्हणे. शंभर डॉलरला एक विकलं तरी दोन हजार! कॉलेजच्या पुस्तकांचे सुटले.” मी म्हटलं, “अरे, बाजारात तुरी! आधी रातकिड्यांचा हिशोब कर.” तो हिशोब खाली आहेच, पण त्याआधी अंड्यांपर्यंत पोहोचू.

पहिली अडचण, आपल्याकडे आहे ती मादीच आहे का? पिल्लाला तळहातावर ठेवायचं, शेपटी हलकेच वर करायची आणि मागून टॉर्च लावायचा. शेपटीच्या मुळाशी दोन बाजूंना दोन उभट फुगवटे सावलीसारखे दिसले तर नर, मधोमध एकच असेल तर मादी. कोवळ्या वयात अनुभवी माणूसही इथे फसतो. मादी दीड वर्षाची आणि अंगाने भरलेली होईपर्यंत जोडी लावायचीच नाही, कारण अंड्यांच्या कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं. नर-मादी कायम एकत्र ठेवता येत नाहीत. नर तिला क्षणभर उसंत देत नाही. म्हणजे दुसरी पेटी, दुसरी ट्यूब, दुसरा दिवा. वरचा सगळा खर्च गुणिले दोन.

संगमानंतर महिनाभराने मादी जमीन उकरायला लागते. ओलसर माती-वाळूची खोल टोपली दिली की ती आत शिरून नुसती शेपटी बाहेर ठेवते, अंडी घालते, वरून माती लोटून डोक्याने ठोकून सपाट करते आणि काहीच झालं नसल्यासारखी वर येते. एका खेपेला पंधरा ते तीस अंडी. शिवाय ती नराचं बीज साठवून ठेवते, त्यामुळे एकदाच्या मीलनावर महिन्याच्या अंतराने दुसरी, तिसरी खेपही येते, मालकाला हवी असो वा नसो. उकरायला जागा नसेल, कॅल्शियम कमी असेल, तर अंडी आतच अडकतात. मग शस्त्रक्रिया, आणि तिचं बिल हजार डॉलरच्या घरात सहज जातं. नर कधी न पाहिलेली मादीसुद्धा फोल अंडी घालते, तेव्हा हा धोका फक्त ब्रीडिंग करणाऱ्यांपुरता नाही.

अंडी उचलताना ज्या बाजूने होती तीच बाजू वर ठेवायची. कोंबडीची अंडी फिरवतात, ही फिरवली तर आतला जीव जातो. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुशात) अर्धी पुरून 28-29 अंशांवर ठेवली की दोन ते अडीच महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. मध्ये एकदा अंधारात टॉर्च लावून बघितलं तर जिवंत अंडं आतून गुलाबी दिसतं, लाल नसांचं जाळं असलेलं. फोल अंडं पिवळट आणि रिकामं.

या तापमानाशी एक विलक्षण गोष्ट जोडलेली आहे. या सरड्यात नराचे लिंगगुणसूत्र दोन झेड, मादीचे एक झेड आणि एक डब्ल्यू. पण 32 अंशांच्या वर उबवलं तर गुणसूत्रांनी नर असलेली अंडीसुद्धा मादी होऊन बाहेर येतात. कॅनबेरा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे 2007 मध्ये प्रयोगात दाखवलं, आणि 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रानातही अशा माद्या सापडल्याचं जाहीर झालं. त्या वांझ तर नव्हत्याच, उलट नेहमीच्या मादीपेक्षा जास्त अंडी देत होत्या. त्यांची नराशी जोडी लागली की सगळी प्रजा दोन झेडवाली, आणि मग नर की मादी हे फक्त उन्हावर ठरतं, डब्ल्यू गुणसूत्र गायबच. मादीला भाव जास्त म्हणून कुणाला इन्क्युबेटरचा काटा वर सरकवायचा मोह होईल. पण जास्त तापमानात अंडी मरण्याचं प्रमाणही वाढतं, त्यामुळे शहाणे लोक त्या वाटेला जात नाहीत.

आता रातकिडे. एका मादीच्या दोन खेपा, मिळून चाळीस अंडी, त्यातली 32 पिल्लं विकण्याजोगी झाली असं धरू. हे उदार गणित आहे. विकायच्या आधी ती सातआठ आठवडे आपल्याकडे राहणार. दिवसाला सरासरी तीस रातकिडे, पन्नास दिवस, म्हणजे एका पिल्लाला दीड हजार. बत्तिसांना 48 हजार. हजार रातकिड्यांचा खोका पोस्टाने पंचवीस डॉलरला पडतो असं धरलं तरी बाराशे डॉलर नुसत्या किड्यांचे. पेट शॉप अशा साध्या पिल्लाला घाऊक भावात पंचवीस ते पस्तीस डॉलर देतं. बत्तीस गुणिले तीस, 960. दिवे, पेट्या, इन्क्युबेटर, डॉक्टर यांतलं काहीच न धरता घाटा. पिल्लं एका पेटीतही राहत नाहीत. मोठं पिल्लू धाकट्याची शेपटी, बोटं कुरतडतं, म्हणून आकाराप्रमाणे पाचसहा पेट्या लावाव्या लागतात आणि प्रत्येकीवर ट्यूब. थेट गिऱ्हाइकाला पंचाहत्तर डॉलरला विकता येतं हे खरं, पण बत्तीस गिऱ्हाइकं एकदम दारात उभी राहत नाहीत. न विकलेलं पिल्लू रोज आणखी जास्त खातं, आणि वय वाढलं की भाव उतरतो. लांबचं गिऱ्हाईक मिळालं तर एका रात्रीत पोहोचवायच्या पार्सलचे पन्नास डॉलर कोण देणार यावर घासाघीस.

जे यात खरंच पैसे कमावतात ते आधी किडे पाळतात, मग सरडे. डुबिया जातीची झुरळं प्लास्टिकच्या मोठ्या डब्यांत, अंड्यांच्या पुठ्ठ्यांवर वाढवली की खाद्याचा खर्च धान्याच्या भरड्यापुरता उरतो. घरच्यांना ‘मी झुरळांची शेती करतोय’ हे पटवणं हा वेगळा विषय. आणि दुसरं म्हणजे ते साधा सरडा विकतच नाहीत, मॉर्फ विकतात.

मॉर्फ म्हणजे रंगात किंवा खवल्यांत जनुकीय फरक असलेला सरडा. काटे बोथट, अंग गुळगुळीत तो लेदरबॅक. काळी नखं फिकी पडलेली तो हायपो. अंगावर नक्षीच नाही तो विटब्लिट्स, पांढुरका राखाडी तो झीरो. पाटीवर तीनशे, पाचशे, कधी हजार डॉलर. किमतीचं कोडं जनुकांत आहे. हायपो, झीरो, विटब्लिट्स ही अप्रभावी लक्षणं. आई आणि बाप दोघांकडून जनुक आलं तरच दिसतात. एकाकडूनच आलं तर सरडा दिसायला साधा, पण पोटात जनुक दडलेलं. असल्याला धंद्यात ‘हेट’ म्हणतात. दोन हेटांची जोडी लावली तर चारातलं सरासरी एक पिल्लू मॉर्फ निघतं, दोन हेट, एक कोरं. उरलेली तिन्ही दिसायला सारखी, त्यातली दोन हेट असणार, पण कुठली ते सांगता येत नाही. म्हणून जाहिरातीत ‘66 टक्के हेट’ असं लिहिलेलं असतं. ती गुणवत्तेची टक्केवारी नाही, तो जुगार आहे, आणि नवखे त्याला पन्नास डॉलर जादा मोजतात.

नवीन मॉर्फ महाग असतो तो जनुक थोड्यांकडे असतं म्हणून. पण वर्षाला चाळीसपन्नास पिल्लं देणाऱ्या प्राण्यात कुठलंही जनुक दुर्मीळ राहत नाही. विकत घेणारा प्रत्येकजण तीन वर्षांत स्वतः विकणारा होतो आणि भाव कोसळतो. आज हजारात घेतलेल्या जोडीची नातवंडं शंभरावर येतात. ज्याला जनुक पहिल्यांदा सापडलं तो कमावतो; शेवटी आलेला त्याचा खर्च भरतो.

लेदरबॅकचं प्रकरण आणखी वाईट. हे जनुक एकदा असलं तर सरडा गुळगुळीत होतो, दोनदा आलं तर खवलेच येत नाहीत. अशाला सिल्कबॅक म्हणतात. दोन लेदरबॅकांची जोडी लावली की चारातलं एक पिल्लू असं निघणार. ती कातडी उन्हाने भाजते, रातकिड्याच्या चाव्याने फाटते, कात टाकताना तुटते. दिसायला रेशमी म्हणून त्याला काही काळ चढा भावही मिळाला. माझ्या मते ही पैदास बंदच व्हायला हवी. लेदरबॅकची जोडी साध्या सरड्याशी लावली तरी निम्मी पिल्लं लेदरबॅक मिळतात, आणि एकही बिनखवल्याचं नाही. तेव्हा मुद्दाम सिल्कबॅक काढणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

मुंबई-पुण्यातही हे सरडे विकायला दिसतात, आणि ‘कायदा देशी प्राण्यांना लागू, परदेशी चालतो’ असं बेधडक सांगितलं जातं. घोरपडीसारख्या आपल्या प्राण्याला हात लावणं तर गुन्हाच. पण परदेशी जिवंत प्राणी देशात आणायलाही परवाना आणि क्वारंटाइन लागतं, आणि बँकॉकहून आलेल्या बॅगांतून जिवंत साप-सरडे मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. कागद नसलेला सरडा त्यातलाच नसेल याची खात्री विकणारा देऊ शकत नाही. शिवाय मुंबईचा पावसाळा या वाळवंटी जनावराच्या फुप्फुसांना मानवत नाही. तिथे उष्णता फुकट मिळते, कोरडेपणा विकत घ्यावा लागतो.

भाच्याला मी शेवटी नर आणायला नाही, दुसरा मार्ग सांगितला. अमेरिकेतल्या सरपटणाऱ्यांच्या रेस्क्यू संस्थांकडे कॉलेजला गेलेल्या मुलांचे, घर बदललेल्यांचे, हौस फिटलेल्यांचे सरडे रांगेने पडलेले असतात. बऱ्याचदा पेटीसकट, शंभर-दोनशे डॉलरमध्ये. असा सरडा घेताना जबड्याची कड बोटाने हलकेच दाबून बघायची, ती टणक लागली पाहिजे. चालताना पोट जमिनीपासून उचललेलं असावं, शेपटीचं मूळ भरलेलं असावं, चारही पायांची बोटं सरळ. विष्ठेची चाचणी पहिल्या आठवड्यात करून घ्यायची. घरात आधीचा सरडा असेल तर नव्याला निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचं, कारण या जातीत अॅडेनोव्हायरस पसरलेला आहे आणि तो वरून दिसत नाही. आणि पेटीबरोबर आलेली ट्यूब कितीही लख्ख पेटत असली तरी काढून टाकायची. पस्तीस डॉलरची नवी बसवायची, टोकाला तारीख लिहून.